अक्षराला सावली कशाला?

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं की पॉवरपॉइंटमधल्या रंगीबेरंगी अक्षरांशी तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काय देणंघेणं? देणंघेणं आहे. सजवणं म्हणजे नेमकं काय करणं, हा प्रश्न आपल्याकडे भामह-दंडींपासून विचारला गेला आणि युरोपात कांटने १७९० साली तो गंभीरपणे घेतला. आज हे सजवण्याचं काम कवीपुरतं आणि चित्रकारापुरतं राहिलेलं नाही. शाळेतले शिक्षक, पीएच.डी.चे विद्यार्थी, बँकेचे अधिकारी, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळेच रोज अक्षरं सजवतात. मग त्यावर समीक्षा नको का?

आधी वस्तू समोर ठेवतो. इन्सर्टमध्ये जायचं, वर्डआर्टवर टिचकी मारायची, की तयार नमुन्यांची चौकट उघडते. एक निवडायचा आणि मजकूर लिहायचा. त्यापुढे टेक्स्ट इफेक्ट्स नावाची यादी आहे : शॅडो, रिफ्लेक्शन, ग्लो, बेव्हल, थ्री-डी रोटेशन आणि ट्रान्सफॉर्म. म्हणजे सावली, प्रतिबिंब, झळाळी, कडांना उठाव, अवकाशात फिरवणं आणि शेवटी ओळच कमानीसारखी किंवा लाटेसारखी वाकवणं. एवढंच तंत्र. दहा मिनिटांत कुणालाही येतं, आणि यावंच.

इतिहास थोडक्यात सांगतो. पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉशसाठी आलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बनवणारी फोरथॉट ही कंपनी विकत घेतली. पहिली आवृत्ती काळीपांढरी होती. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक कागदांसाठी ती केलेली. ते कागद आमच्या पिढीने स्केचपेनने लिहिलेत, त्यामुळे ठाऊक आहे. हाताने लिहायचं तर माणूस शब्द मोजून लिहितो. नव्वदच्या दशकात वर्डआर्ट आलं, आणि ऑफिस ९७ नंतरचे ते इंद्रधनुषी, कललेले, लांब सावलीचे नमुने तर तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिलेत. वाढदिवसाच्या फलकावर पाहिलेत आणि दहाव्याच्या पत्रिकेवरही पाहिलेत.

आता त्या यादीकडे पुन्हा बघा. सावली, प्रतिबिंब, झळाळी, उठाव. यात समान काय आहे? ह्या सगळ्या गोष्टी उजेडात ठेवलेल्या वस्तूला होतात. सावली पडायला आड येणारं काहीतरी लागतं. प्रतिबिंब पडायला खाली गुळगुळीत फरशी लागते. अक्षराला यातलं काहीच नाही. अक्षर ही खूण आहे. 'क' काळा असो की निळा, वीतभर असो की तिळाएवढा, तो 'क'च. खुणेचं सगळं सामर्थ्य तिला शरीर नसण्यात आहे. म्हणून तर तीच ओळ दगडावर, कागदावर आणि पडद्यावर जशीच्या तशी जाते. टेक्स्ट इफेक्ट्सची यादी नेमकं हे सामर्थ्य काढून घेते आणि खुणेला वस्तू करते. वस्तू झाली की तिच्याकडे पाहायचं असतं, वाचायचं नसतं. 'ज्ञानमीमांसा' हा शब्द पितळेचा ठोकळा होऊन समोर उभा राहिला की डोळा पितळेवर थांबतो. (हशा.) हसताय, पण पुढच्या वेळी नीट बघा. शीर्षकाची सावली उजवीकडे पडते आणि शेजारच्या फोटोची डावीकडे. एकाच स्लाइडवर दोन सूर्य!

तरी मी सजावटीच्या विरोधात नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण या विषयावर बोलणारे बहुतेक जण दोनपैकी एका वाटेने जातात. एक वाट आडोल्फ लूस या व्हिएन्नाच्या वास्तुशिल्पीची. त्याने नक्षीकामाला सरळ गुन्ह्याच्या शेजारी बसवलं. दुसरी बिआट्रिस वॉर्ड यांची. १९३० साली लंडनमधल्या व्याख्यानात त्यांनी मुद्रणाला स्फटिकाच्या पेल्याची उपमा दिली. पेला असा हवा की आतली वाइन दिसावी, पेला दिसू नये. उपमा सुंदर आहे, पण मला पुरत नाही. अक्षर आणि अर्थ यांचं नातं पेला आणि पेयाचं आहे, हे आधी कुणी ठरवलं? नाटकाच्या जाहिरातीतलं नाव वाचता वाचताच ते नाटक गंभीर की फार्सिकल हे कळावं, अशी अक्षरं कमल शेडग्यांनी आयुष्यभर काढली. तिथे पेला अदृश्य नव्हता. तो दिसतच होता, आणि दिसून अर्थ सांगत होता.

कांट यापेक्षा बारीक बोलतो. चित्राची चौकट, पुतळ्याची वस्त्रं, वाड्याभोवतीची स्तंभांची ओळ ही त्याची उदाहरणं. ही जोड मूळ कृतीच्या रूपात मिसळली तर सौंदर्य वाढवते. पण सोनेरी चौकट केवळ चकाकीने चित्राची शिफारस करायला बसवली असेल तर तो नटवेपणा, आणि तो खऱ्या सौंदर्याला बाधतो. 'शिफारस' हा शब्द धरून ठेवा, पुढे लागेल.

आपल्याकडचं उत्तर मला याहून नेमकं वाटतं. अलंकार या शब्दात 'अलम्' आहे. अलम् म्हणजे पुरे, पुरेसं. आनंद कुमारस्वामींनी १९३९ साली अलंकरणावर लिहिताना यावरच बोट ठेवलं होतं : अलंकार म्हणजे एखाद्या गोष्टीला तिच्या कामासाठी पुरेशी करणं. नंतर वरून चिकटवणं हा अर्थ उतरणीचा. आणि नवव्या शतकात आनंदवर्धनांनी ध्वन्यालोकात एक कसोटी दिली, तिचं नाव अपृथग्यत्न. म्हणजे ज्याला वेगळा प्रयत्न करावा लागत नाही ते. कवी रसात गढलेला असताना त्याच प्रयत्नात जो अलंकार येऊन जातो, तो खरा. रस बाजूला ठेवून, 'आता एक यमक घालू' म्हणून बसून जो आणला, तो रसाला आडवा येतो.

आता ही कसोटी वर्डआर्टला लावा. मजकूर निवडायचा, मग यादी उघडायची, मग नमुना. हा वेगळा प्रयत्न आहे, त्याला वेगळी खिडकीच आहे! त्या चौकटीतल्या नमुन्यांना तुमचा शब्द माहीत नाही. नमुना दाखवायला तिथे एक इंग्रजी 'ए' असतो, बस. तोच नमुना 'स्नेहसंमेलन'ला बसतो, 'तिमाही ताळेबंद'ला बसतो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'लाही बसतो. माझी तक्रार भडकपणाबद्दल नाही. भडकपणा कधी कधी हवाच असतो, जत्रेतला पाळणा काय करड्या रंगाचा असावा? जी सजावट कुठल्याही शब्दाला चालते, ती त्या शब्दाची नसते, एवढीच तक्रार आहे.

इथे एखादा जाणकार म्हणेल, सर, आपल्या परंपरेत चित्रबंध आहेत की. बरोबर आहे. भारवीच्या किरातार्जुनीयाचा पंधरावा सर्ग घ्या, माघाच्या शिशुपालवधाचा एकोणिसावा घ्या. तिथे अक्षरांच्या रचनेतून आकृत्या उभ्या राहतात. पद्मबंध, खड्गबंध ही त्याच कुळातली नावं. ओळ वाकवून कमळ करायचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मच! आणि आनंदवर्धनांनी चित्रकाव्याला सगळ्यात खालची पायरी दिली, हेही खरं. तरी फरक बघा. पद्मबंधात मधलं एक अक्षर अनेक पाकळ्यांना सामाईक असतं. ते बदललं तर सगळं कमळ मोडतं. आकार आणि शब्द एकमेकांना बांधलेले असतात, आणि ते बांधताना कवीचा घाम निघतो. कमानीत बसवलेलं 'सुस्वागतम्' पुसून तिथे 'मार्ग बंद' लिहा. कमान ढिम्म हलत नाही.

देवनागरीचा प्रश्न तर वेगळाच, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ही सगळी यादी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून झाली. तिथे अक्षरं सुटी उभी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेने हात धरून चालतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की तो हात सुटतो आणि शब्दाचे तुकडे दोरीवर वाळत घातल्यासारखे दिसतात. अक्षराला बाह्यरेषा दिली की पुष्कळ फॉण्टांत दोन अक्षरांच्या सांध्यावर उभी चीर उमटते, कारण तिथे एकाची रेषा दुसऱ्यावर चढलेली असते. युनिकोडच्या आधीच्या फॉण्टांत तर गंमत होती. तिथे ऱ्हस्व वेलांटी टंकताना व्यंजनाच्या आधी यायची. मग एकेक अक्षर उडत येण्याचा परिणाम लावला की आधी नुसती वेलांटी पडद्यावर यायची आणि बिचारी व्यंजनाची वाट बघत उभी राहायची. (हशा.) मायक्रोसॉफ्टचा मंगल हा फॉण्ट र. कृ. जोशींनी केला. आपल्या लिपीचा अभ्यास मुंबईत बसून आयुष्यभर करणारा माणूस. त्यांनी मोजूनमापून जुळवलेल्या अक्षरांना आपण दोन टिचक्यांत लाटेवर बसवतो.

आता दुसरी बाजू. वर्डआर्टची टिंगल करणं ही सध्या सुशिक्षितांची फॅशन आहे, आणि ती मला आवडत नाही. तालुक्याच्या गावातल्या शिक्षिकेला बक्षिसाचं प्रमाणपत्र करायचं असतं. पेंटरला द्यायला पैसे नसतात. ती मुलाचं नाव सोनेरी उठावाच्या अक्षरांत छापते आणि ते मूल तो कागद वर्षानुवर्षं जपतं. तिथे सजावटीचं काम सन्मानाचं आहे. अलम्, पुरेसं. हसणारे स्वतः काय करतात? पांढऱ्या पडद्यावर बारीक करड्या अक्षरांत तीन शब्द. मागच्या रांगेला काही दिसत नाही, पण अभिरुची दिसते. हाही इफेक्टच आहे, त्याला मेन्यूत नाव नाही इतकंच.

मग मी रागावतो कुठे? जिथे सजावट विचाराची शिफारस करायला लागते तिथे. एका विद्यापीठात पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेला बसलो होतो. शीर्षकं कमानदार, प्रत्येकाला झळाळी. मी विद्यार्थ्याला विचारलं, या प्रकरणात तुझं म्हणणं एका वाक्यात काय? त्याने अतिशय नम्रपणे पुढची स्लाइड आणली. तिथे पुढचं शीर्षक होतं. मुलगा हुशार होता, पुढे चहाच्या वेळी चांगलं बोलला. पण ती चाळीस शीर्षकं करताना त्याला वाटत राहिलं होतं की काम चाललंय. वेळ गेला होता, डोळे दुखले होते, काहीतरी तयारही झालं होतं. वाक्य तेवढं झालं नव्हतं.

हे कुणाला किरकोळ वाटत असेल तर एक गंभीर उदाहरण देतो. कोलंबिया हे अवकाशयान १६ जानेवारी २००३ला उडालं तेव्हा टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असताना धोका किती, हे अभियंत्यांनी पॉवरपॉइंटच्या स्लाइड्सवर मांडलं. त्यातल्या एका स्लाइडचं पुढे एडवर्ड टफ्टी यांनी विश्लेषण केलं, आणि अपघाताच्या चौकशी मंडळाने ते आपल्या अहवालात घेतलं. वरचं मोठ्या अक्षरातलं शीर्षक वाचून वाटावं की चाचण्यांचे निष्कर्ष दिलासा देणारे आहेत. अगदी तळाला, उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात, लहान अक्षरांत खरी गोष्ट होती : चाचण्या तीन घनइंचाच्या तुकड्यावर झाल्या होत्या आणि प्रत्यक्ष तुकड्याचा अंदाज १९२० घनइंचांचा होता. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं. कल्पना चावलांसह सातही जण गेले. अपघात स्लाइडमुळे झाला असं म्हणणं अन्यायाचं होईल, कारणं पुष्कळ होती. त्या स्लाइडवर सावली नव्हती, झळाळीही नव्हती. पण अक्षर मोठं करणं हा सगळ्यात पहिला आणि सगळ्यात साधा टेक्स्ट इफेक्ट आहे. तिथे आकार एक सांगत होता आणि आकडा दुसरं. वाचणाऱ्यांनी आकाराचं ऐकलं.

आता प्रश्न घेऊ. मागून एक चिठ्ठी आलीय, 'सर, मग आम्ही वर्डआर्ट वापरायचं की नाही?' वापरा की. फक्त करून झाल्यावर त्या चौकटीतला शब्द पुसून तिथे अगदी उलट्या स्वभावाचा शब्द टाकून बघा. 'हार्दिक अभिनंदन'च्या जागी 'दुःखद निधन' लिहा. ते तसंच्या तसं चांगलं दिसलं, तर कंट्रोल-झेड दाबा आणि तुमचा शब्द परत आणा, साधा. वेडंवाकडं दिसलं, चीड आली, तर सजावट राहू द्या. आणि त्याच चिठ्ठीत खाली विचारलंय की श्रद्धांजलीच्या स्लाइडला कुठला इफेक्ट द्यावा. त्या माणसाचं नाव, जन्म आणि मृत्यूचं साल, आणि नाव शेवटच्या रांगेला वाचता येईल एवढं मोठं. फोटोच्या चौकटीची सावली काढून टाकलीत तर आणखी बरं. पुढचा प्रश्न?