विज्ञानकथेतील सैनिकाचे चिलखत : कल्पित कार्य आणि प्रत्यक्ष कार्य

विज्ञानकथेत सैनिक अवतरला की त्याच्यासोबत त्याचे चिलखतही अवतरते. या चिलखताची चर्चा बहुधा दोन अंगांनी केली जाते. ते प्रत्यक्षात शक्य आहे काय, हा एक प्रश्न. ते दिसते कसे, हा दुसरा. पहिला अभियांत्रिकीच्या प्रांतातील, दुसरा वेशभूषेच्या. समीक्षेच्या दृष्टीने मात्र तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो : हे चिलखत आतल्या माणसाचे काय करते? हा प्रश्न भारतीय वाचकास अगदीच अनोळखी नाही. कर्णाची कवचकुंडले जन्मजात होती आणि ती इंद्राला देताना त्याला स्वतःचा देह सोलावा लागला. कवच कुठे संपते आणि देह कुठे सुरू होतो, ही सीमारेषाच तेथे कथेचा विषय झाली आहे. पाश्चात्त्य विज्ञानकथेतील काही प्रमुख चिलखतांचा विचार याच सीमारेषेच्या आधाराने करता येतो.

शक्तिचालित चिलखताची कल्पना लोकप्रिय झाली ती रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९५९) या कादंबरीमुळे. हाइनलाइन हे स्वतः अमेरिकन नौदलातील माजी अधिकारी. त्यांच्या सैनिकाचे चिलखत शस्त्रसामग्रीसह सुमारे ९०० किलो वजनाचे असून बाहेरून एखाद्या पोलादी गोरिलासारखे दिसते. मात्र हा बाह्य उल्लेख ओझरता आहे. लेखकाचे खरे लक्ष आहे ते चिलखताच्या आतील व्यवहारावर. आतल्या अस्तरात दाब ओळखणारी शेकडो संवेदके आहेत. सैनिकाने हात पुढे रेटला की संवेदकांना तो दाब जाणवतो आणि तो नाहीसा करण्यासाठी चिलखत स्वतःच, कितीतरी पट अधिक बळाने, त्याच दिशेने सरकते. परिणामी सैनिकाला यंत्र ‘चालवावे’ लागत नाही. ते कपड्यासारखे अंगात घालावे लागते, एवढेच. कादंबरीचा निवेदक याची अंतर्गत यंत्रणा समजावण्याच्या भानगडीत पडत नाही. उत्तम व्हायोलिनवादकांनाही व्हायोलिन बनवता येत नाही, अशा आशयाची पुस्ती जोडून तो मोकळा होतो.

ही पुस्ती चतुर आहे, पण निष्पाप नाही. या कादंबरीतील राज्यव्यवस्थेत संपूर्ण नागरिकत्व, म्हणजेच मताधिकार, स्वेच्छेने सेवा करणाऱ्यालाच मिळतो. जो स्वेच्छेने आला आहे, त्याची इच्छा आणि यंत्राची हालचाल यांत अंतर उरू नये, ही त्या व्यवस्थेची तात्त्विक गरज आहे. चिलखत ती गरज भागवते. सैनिकाने मनात आणावे आणि पोलादाने ते करावे, यापेक्षा स्वेच्छेचे अधिक नेमके चित्र सापडणे कठीण. हाइनलाइन यांच्या राजकीय विचारांवर टीका करणारे पुष्कळ अभ्यासक हे चिलखत तांत्रिक करामत म्हणून बाजूला ठेवतात. वस्तुतः त्या विचारांचा सर्वांत मोहक युक्तिवाद या चिलखताच्या वर्णनातच आहे. वाचकाला भाषणे पटोत वा न पटोत, चिलखत पटते.

या युक्तिवादाला सर्वांत समर्थ उत्तर दिले ते जो हाल्डमन यांच्या ‘द फॉरेव्हर वॉर’ (१९७४) या कादंबरीने. हाल्डमन व्हिएतनाम युद्धात लढले आणि तेथे जखमी झाले. त्यांच्या कादंबरीतील सैनिकही शक्तिचालित चिलखत घालतात. परंतु उच्च बुद्ध्यंकाच्या या तरुण-तरुणींची भरती सक्तीची आहे. तेवढ्या एका फरकाने चिलखताचा अर्थच पालटतो. प्रशिक्षण चालते ते अतिशीत ग्रहावर, आणि तेथे चिलखतातील उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणाच जिवावर उठू शकते. बर्फावर पाठ टेकली तर स्फोट होतो. लढाईपूर्वीच माणसे मरतात ती शत्रूमुळे नव्हे, संरक्षणसाधनामुळे. अवयवाच्या जागी चिलखत फाटले तर आतील धारदार पडदा मिटतो आणि तो अवयव छाटून उरलेले शरीर हवाबंद करतो. जीव वाचतो, पाय जातो. निर्णय चिलखताचा, सैनिकाला कोणी विचारत नाही.

हा पडदा म्हणजे हाल्डमन यांची विलक्षण शोधक कल्पना आहे. हाइनलाइन यांच्याकडे देह आज्ञा देतो आणि यंत्र पाळते. येथे यंत्र देहाचा हिशेब करते. सक्तीने नेलेल्या सैनिकाचा आपल्या शरीरावरील हक्क कितपत उरतो, या प्रश्नावर हाल्डमन स्वतंत्र भाष्य करीत नाहीत, कारण त्यांनी ते चिलखताच्या रचनेतच बसवले आहे. पॉल व्हर्होव्हेन यांनी १९९७ मध्ये ‘स्टारशिप ट्रूपर्स’वर चित्रपट काढला तेव्हा शक्तिचालित चिलखत वगळून टाकले. मूळ कादंबरीच्या चाहत्यांना तो अपराध वाटला. पण ज्याला त्या राज्यव्यवस्थेचे विडंबन करायचे आहे, त्याला तिचा सर्वोत्तम युक्तिवाद पडद्यावर नको असणे स्वाभाविक होते.

चित्रपटात चिलखताचे काम मुळातच निराळे असते, कारण प्रेक्षक ते आतून अनुभवू शकत नाही. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) मधील स्टॉर्मट्रूपर हे याचे ठळक उदाहरण. त्याची कल्पना रेखाटली राल्फ मॅक्वॉरी यांनी. वेशभूषाकार जॉन मोलो हे लष्करी गणवेशांचे जाणकार अभ्यासक. एवढ्या तज्ज्ञांच्या हातून उतरलेले हे पांढरेशुभ्र चिलखत कथेत मात्र कोणाचेही संरक्षण करताना दिसत नाही. एक गोळी लागली की सैनिक कोसळतो. १९८३ च्या चित्रपटात तर वनवासी इवॉक त्याला दगडांनी आणि ओंडक्यांनी लोळवतात. शिरस्त्राणातून नीट दिसतही नाही. ते घातलेला ल्यूक तशी तक्रार करतो, आणि दारावर डोके आपटणारा एक सैनिक चित्रपटात तसाच राहून गेला आहे. ते यशस्वी ठरते फक्त वेषांतराच्या कामी : ल्यूक आणि हान ते चढवून शत्रूच्या गोटात शिरतात. चेहरा झाकणे एवढेच त्याचे काम. त्यामुळे पडद्यावर कितीही सैनिक मेले तरी प्रेक्षकाला शोक करावा लागत नाही.

या शिरस्त्राणाचे कार्य काय, हा प्रश्न पुढे थेट न्यायालयात गेला, हा समीक्षेच्या दृष्टीने दुर्मीळ योग म्हणावा लागेल. चित्रपटासाठी शिरस्त्राणे घडवणारे अँड्र्यू एन्सवर्थ यांनी नंतर त्यांच्या प्रतिकृती विकण्यास प्रारंभ केला आणि लुकासफिल्मने त्यांच्यावर दावा लावला. इंग्लंडच्या कायद्यानुसार शिरस्त्राण ‘शिल्प’ ठरले असते तर त्यास दीर्घकाळ संरक्षण मिळाले असते. २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते शिल्प नसल्याचा निर्णय दिला : कलाकृती म्हणजे चित्रपट, शिरस्त्राण हे तो तयार करण्याच्या प्रक्रियेतील उपयुक्त साधन. (अमेरिकन स्वामित्वहक्काच्या भंगाची दाद इंग्लंडमध्ये मागता येईल, हा मुद्दा मात्र लुकासफिल्मच्या बाजूने गेला.) कायद्याच्या कसोटीवर निर्णय योग्य असेल, तरी त्यातील विरोधाभास नजरेआड करता येत नाही. ज्या वस्तूने कथेत एकाही डोक्याचे रक्षण केले नाही, ती न्यायालयात तिच्या उपयुक्ततेमुळेच संरक्षणास मुकली.

‘द फोर्स अवेकन्स’ (२०१५) च्या आरंभी एक मरणारा सैनिक सोबत्याच्या शिरस्त्राणावर रक्ताळलेली बोटे ओढतो. एकसारख्या पांढऱ्या गर्दीत तेवढे एक शिरस्त्राण ओळखू येऊ लागते. पुढे तो सोबती, फिन, शिरस्त्राण काढतो, तेव्हा ते काढण्याची परवानगी कोणी दिली, असे त्याला दरडावून विचारले जाते. चार दशके चाललेल्या मालिकेने आपल्या चिलखताचे खरे कार्य येथे स्वतःच उघड केले आहे. मात्र त्याच चित्रपटात फिन पुढे पूर्वीच्या सोबत्यांना सहज ठार करतो आणि प्रेक्षकाने पुन्हा आनंद मानावा अशी अपेक्षा असते. धागा हाती आला होता; तो सोडून दिला गेला.

ही चर्चा केवळ साहित्यापुरती ठेवता येत नाही, कारण या कल्पनांनी प्रत्यक्ष संरक्षणयोजनांनाही आकार दिला आहे. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ‘हार्डिमन’ नावाचा यांत्रिक बाह्य सांगाडा हाती घेतला. सुमारे ६८० किलो वजन उचलण्याचे उद्दिष्ट होते. विश्वासार्हपणे चालला तो एकच हात. २०१३ मध्ये अमेरिकेच्या विशेष मोहिमा विभागाने ‘टॅलोस’ या चिलखताची घोषणा केली आणि वृत्तपत्रांनी तत्काळ त्याचे ‘आयर्न मॅन’ असे बारसे केले. २०१९ पर्यंत संपूर्ण चिलखताचा बेत सोडून देण्यात आला. सुटे भाग तेवढे अन्यत्र वापरण्याचे ठरले. माणसाच्या हालचालीशी यंत्राची हालचाल जुळवणे, ही हाइनलाइन यांनी एका परिच्छेदात ओलांडलेली अडचण येथेही मोठी होती. या योजनेचे नाव इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ग्रीक पुराणातील टॅलोसवरून घेतले होते. क्रीट बेटाचे रक्षण करणारा तो राक्षस नखशिखांत कांस्याचा होता, आणि त्याच्या आत माणूस नव्हता.