ओळख पटली, पण पारख?

वांद्रे पूर्वेला खेरवाडीत महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे कार्यालय आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेची, म्हणजे डी. फार्म.ची परीक्षा हे मंडळ घेते. तेथून जवळच, वांद्रे-कुर्ला संकुलात, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय आहे. संकुलाच्या पलीकडे कलिन्याला बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी लागते. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या महाराष्ट्र शाखेने १९५७ साली स्थापन केलेले, मुंबई विद्यापीठाशी जोडलेले हे महाविद्यालय. पदवीपासून पीएच. डी.पर्यंतचे शिक्षण तेथे मिळते आणि संगणकाच्या साहाय्याने औषधरेणूंची रचना करण्याच्या संशोधनासाठी ते ओळखले जाते.

परीक्षा घेणारे, देखरेख करणारे आणि शिकवणारे असे तिघे एकमेकांचे शेजारी आहेत. मग औषधाच्या एका बाटलीत काय आहे याची खात्री देणारा माणूस आपले शिक्षण घडवते का, हा प्रश्न याच परिसरात उभे राहून विचारायला हवा. आमचे उत्तर पूर्ण समाधानाचे नाही. का, ते सांगतो.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. शरीरातील दाब उतरवण्यासाठी त्यांना ग्लिसरीन पाजले होते आणि त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून प्रशासनापर्यंत साऱ्यांवरच ताशेरे ओढले.

हे दोन द्रव इतके सहज एकमेकांत का खपतात? दोन्ही रंगहीन, दाटसर आणि गोड. ग्लिसरीनच्या रेणूत तीन कार्बन आणि तीन हायड्रॉक्सिल गट असतात. इथिलीन ग्लायकॉलचे दोन रेणू पाण्याचा एक रेणू गमावून ऑक्सिजनच्या पुलाने जोडले गेले, की होते डायइथिलीन ग्लायकॉल. ते उद्योगात वापरले जाते. पोटात गेल्यावर यकृतात त्याचे ऑक्सिडीकरण होऊन डायग्लायकॉलिक आम्ल बनते आणि ते मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशी मारते. लघवी बंद होते. लहान मुले तर फार लवकर हाताबाहेर जातात.

आता शिक्षणाकडे वळू. ग्लिसरीनची जुनी ओळख-चाचणी अशी: ते पोटॅशियम हायड्रोजन सल्फेटबरोबर तापवले, की अॅक्रोलिनची नाकाला झोंबणारी वाफ येते. वाफ आली, ग्लिसरीन आहे. निष्कर्ष अगदी बरोबर आहे. पण भेसळीच्या बाटलीतही ग्लिसरीन असतेच. तीही या चाचणीत उतरणार! ‘यात ग्लिसरीन आहे का?’ आणि ‘यात ग्लिसरीनखेरीज दुसरे काही नाही ना?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याच्या उत्तरावर दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरले, की घात होतो. पनामात २००६ मध्ये अशाच विषबाधेने अनेक बळी घेतल्यानंतर अमेरिकेच्या औषधकोशाने २००९ मध्ये डायइथिलीन ग्लायकॉल ०.१ टक्क्याहून अधिक नसल्याची तपासणी थेट ग्लिसरीनच्या ओळख-चाचणीतच घातली. ‘काय नसावे’ हा ओळखीचाच भाग झाला.

आपल्या अभ्यासक्रमात हा विचार कुठे दिसतो? पदवीच्या पहिल्याच सत्रात क्लोराइड, सल्फेट, लोह, शिसे, आर्सेनिक यांच्या मर्यादा-चाचण्या आहेत. उत्तम सुरुवात. पण या चाचण्या ठरावीक अशुद्धीच शोधतात. वेगळे काही मिसळले असेल असा संशय त्या शिकवत नाहीत. पुढे सहाव्या सत्रात ‘गुणवत्ता हमी’ हा विषय येतो, तो केवळ लेखी. त्याला प्रात्यक्षिक नाही. ज्या विषयाचा सारा अर्थ हाताने तपासून पाहण्यात आहे, तोच पुस्तकातून पाठ करायचा, याला काय म्हणावे? उपकरणांनी विश्लेषण करण्याचे प्रात्यक्षिक सातव्या सत्रात भेटते. सखोल अभ्यास पदव्युत्तर वर्गात होतो.

औषधाच्या दुकानात आणि रुग्णालयाच्या भांडारात मात्र बहुधा पदविकाधारक उभा असतो. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार नोंदणीसाठी पदविका पुरेशी आहे. या पदविकेचा १९९१ चा अभ्यासक्रम बदलायला २०२० साल उजाडले. नव्या नियमांत ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे, समाजाभिमुख विषय आहेत; त्याचे स्वागतच करायला हवे. पण त्या प्रशिक्षणातून संशय घ्यायची सवय लागते का, हे कोणतीही लेखी परीक्षा सांगू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, दुकानदाराने काय गॅस क्रोमॅटोग्राफीचे यंत्र बाळगायचे? तपासणी ही उत्पादकाची जबाबदारी आहे. हे खरे आहे. आमचे म्हणणे एवढेच, की यंत्र नसले तरी प्रश्न विचारता येतो. भांडारातील औषधनिर्मात्याने कच्च्या मालाचा किंवा औषधाचा तपासणी-अहवाल मागवावा आणि त्यात ही चाचणी केली आहे का ते वाचावे, यासाठी फक्त ती का हवी हे कळलेले असावे लागते.

संशोधनाबद्दलही हेच. नव्या रेणूंचा शोध मोलाचा आहे आणि मुंबईने त्यात नाव कमावले आहे. पण कमी खर्चाची, जिल्ह्याच्या ठिकाणी करता येईल अशी विश्वासार्ह चाचणी शोधणे हेदेखील पीएच. डी.च्या तोलाचे काम आहे. त्याची गरज संपलेली नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतली अनेक उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणलेली होती. त्या औषधाच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडले. जे. जे.नंतर ३९ वर्षांनी!

शिक्षकमित्रहो, हा दोष एकट्या फार्मसीच्या वर्गाचा नाही. आपल्या प्रयोगशाळेतला ‘अज्ञात क्षार’ कोणता, हे मुलांना प्रयोगशाळा-साहाय्यकाकडून आधीच कळलेले असते. उत्तर ठाऊक असलेली चाचणी संशय शिकवत नाही.

म्हणून एक सोपा प्रयोग सुचवतो. एका बाटलीत शुद्ध ग्लिसरीन घ्या. दुसरीत चार भाग ग्लिसरीन आणि एक भाग पाणी. तिसरीत एकोणपन्नास भाग ग्लिसरीन आणि एक भाग पाणी. कोणती कोणती हे सांगू नका. मुलांना प्रत्येकीतील १० मिलिलिटर द्रव मोजून वजन करू द्या. शुद्ध ग्लिसरीन सुमारे १२.६ ग्रॅम भरेल, दुसरे १२.१ च्या आसपास. भेसळ तराजूने पकडली! तिसरे मात्र साधारण १२.५५ भरेल. ०.१ ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या शाळेच्या तराजूला हा फरक ओळखता येणार नाही. मग विचारा: “तराजूला कळले नाही, म्हणजे भेसळ नाही असे म्हणायचे का?”

या प्रश्नावर वर्गात वाद झाला तर तो थांबवू नका. त्या मुलांपैकी एखादे उद्या कलिन्याला शिकेल, एखादे वांद्र्याच्या कार्यालयात फायलीवर सही करेल, एखादे गावात औषधाचे दुकान काढेल. तिघांनाही तो वाद आठवायला हवा.