घड्याळ बारीक, जमीन ढोबळ

धान निघाले, बांध्या मोकळ्या झाल्या की गडचिरोली-चंद्रपुरात शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे दिवस येतात. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचे नाटक. अहेरीचा पटशौकीन ब्रह्मपुरीकडच्या जोडीची वेळ तोंडपाठ सांगतो आणि तिच्यावरून आपल्याकडच्या जोडीला डावे-उजवे ठरवतो. माझा आक्षेप इथेच आहे. घड्याळ सेकंदाचे शंभर भाग करते. जमीन कशी होती, हे मात्र त्या आकड्यासोबत प्रवास करत नाही.

सकाळी दवाने ओलसर मातीत खूर रुततो, दुपारी तीच बांधी कडक होते, आणि बऱ्याच जोड्या धावून गेल्या की चाकोऱ्या पडून वर नुसता फुफाटा उरतो. पहिल्या आणि शेवटच्या जोडीत दोन-तीन शतांशांचा फरक निघाला, तर तो बैलांचा की मातीचा?

घोड्यांच्या शर्यतीने हा प्रश्न निदान ओळखला आहे. पुण्याचा हंगाम ऐन पावसाळ्यातला, त्यामुळे हिरवळ किती ओली आहे हे पेनेट्रोमीटरने मोजून जाहीर करतात. एक किलोचे वजन एक मीटरवरून सळईवर सोडायचे आणि सळई किती रुतली ते पाहायचे. आकडा मोठा, तर जमीन मऊ. मग त्या दिवसाच्या सगळ्या शर्यती नेहमीच्या वेळेपेक्षा सरासरी किती मागे पडल्या ते काढून प्रत्येक घोड्याच्या वेळेतून तेवढी सूट देतात. अमेरिकेत अँड्र्यू बायर यांच्या १९७५च्या पुस्तकाने ही रीत लोकप्रिय केली. पण हिरवळीवर ती लंगडते. जॉकी सुरुवातीला घोडा आवरून धरतात आणि शेवटच्या ४००-६०० मीटरांत सोडतात; वेळ हळू आली ती चिखलाने की डावपेचाने, हे सरासरीला कळत नाही. टप्प्याटप्प्याच्या वेळा नसतील, तर असले दुरुस्त आकडे मी तरी फारसे मनावर घेत नाही.

पटात ही अडचण जवळजवळ नाही. झेंडा पडला की जोडी जीव तोडून धावते, राखून ठेवायला सवडच नसते. म्हणजे जमिनीची दुरुस्ती घोड्यांपेक्षा बैलांच्या वेळांना जास्त चोख लागू पडावी. आणि तीच कोणी करत नाही! २०१४च्या बंदीने मोडलेली पटाची परंपरा डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिल्यावर पुन्हा उभी राहिली, १८ मे २०२३च्या निकालाने ती पक्की झाली. परत आली ती नव्या घड्याळांसह, पण जुन्याच वहीसह.

वजन आणि सळई गावचा लोहारही करून देईल. आयोजकांनी सकाळ, दुपार, संध्याकाळ तीनदा माती मोजावी आणि तो आकडा जोडीच्या वेळेशेजारी फलकावर लिहावा. तोवर दोन गावच्या वेळांवरून कोणत्याही जोडीला विदर्भात पहिली म्हणू नये.