पश्चात्तापाचा प्रेक्षक : 'द बॅचलर'च्या निमित्ताने

अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर २००२ साली सुरू झालेल्या 'द बॅचलर' या कार्यक्रमाची चर्चा बहुधा 'बाजारू प्रेम' या एका शेऱ्यावर आटोपली जाते. शेरा चुकीचा नाही. परंतु त्याने प्रेक्षकाचा उलगडा होत नाही. एक तरुण, पंचवीस-तीस तरुणी, गुलाबाचे फूल देऊन भागागणिक केलेली निवड आणि अखेरीस लग्नाची मागणी, अशी या कार्यक्रमाची बांधणी आहे. तरीही त्यातील विशेष गाजलेले प्रसंग मीलनाचे नसून निवडीनंतरच्या पश्चात्तापाचे आहेत. तो पाहण्यात आनंद का वाटावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परदुःखात सुख मानण्याची वृत्ती हे यावरचे नेहमीचे उत्तर. ते अपुरे आहे, कारण दुःखाचे इतर प्रकारही पडद्यावर विपुल असतात. पश्चात्तापाला न निवडलेली वाट डोळ्यांपुढे असावी लागते. प्रत्यक्ष आयुष्यात ती कोणालाच दिसत नाही. 'ते स्थळ नाकारले नसते तर' या वाक्याचा उत्तरार्ध कल्पनेनेच भरावा लागतो. येथे मात्र नाकारलेली व्यक्तीही जवळजवळ तितक्याच तपशिलाने चित्रित झालेली असते : तिच्यासोबतचे भोजन, तिच्या गावची भेट, तिचे आईवडील. दोन्ही पर्यायांचा पुरावा प्रेक्षकाजवळ असतो. नायकाला उशिरा उमगलेली गोष्ट आपण आधीच ओळखली होती, हे त्याचे समाधान असते. ते न्यायाधीशाचे समाधान आहे, सहृदयाचे नव्हे.

भरताच्या अष्टनायिकांतील कलहांतरिता येथे आठवते. भांडून प्रियकराला दूर केल्यावर तीही अनुतापाने पोळते. परंतु साधारणीकरणामुळे तो अनुताप अमुक एका स्त्रीचा राहत नाही, म्हणून तिच्यावर निकाल देण्याची इच्छा प्रेक्षकाला होत नाही. रिअॅलिटी शोमध्ये नाव, आडनाव, गाव, व्यवसाय या 'अमुक एका'पणावरच सारी भिस्त असते. व्यक्ती, देश व काळ यांच्या विशेषांत अडकून पडणे हे अभिनवगुप्ताने रसविघ्न मानले. येथे तेच विघ्न भांडवल म्हणून वापरले जाते.

२००९ मध्ये जेसन मेस्निकने निवडलेल्या तरुणीशी नाते तोडून दुसऱ्या क्रमांकाच्या तरुणीकडे पुन्हा विचारणा केली, तीही कॅमेऱ्यासमोर. २०१८ मध्ये एरी लुएंडाइक या मोटार-शर्यतपटूने तेच केले. बेका कुफ्रिनशी ठरलेला विवाह त्याने मोडला आणि तो प्रसंग वाहिनीने संकलन न करता, पडद्याचे दोन भाग करून दाखविला. एकीकडे त्याचा चेहरा, दुसरीकडे तिचा. पार्श्वसंगीत नाही. तिने निघून जाण्यास सांगितल्यावरही तो रेंगाळत राहतो. प्रेक्षकाचा आनंद नेमका येथे अडखळतो, कारण पश्चात्ताप त्याचा आणि त्याची किंमत मोजणारी ती, ही विसंगती दुभंगलेला पडदा लपवू देत नाही. पश्चात्तापाचे सुख चूक करणाऱ्यानेच भोगावे या अपेक्षेवर उभे असते, हे त्यातून उघड होते.

अपेक्षा पुरी न झाल्याने प्रेक्षकांनी दंड स्वतःच आकारला. अनेकांनी बेकाला मोबाइलवरून पैसे पाठविले; तिच्या मिनेसोटा राज्यात एरीचा निषेध करणारे फलक लागले. तेथील प्रतिनिधिगृहाच्या एका सदस्याने तर त्याला राज्यात येण्यास बंदी करणारे विधेयक, अर्थात थट्टेनेच, तयार केले! बेकाला पुढील 'द बॅचलरेट' करून वाहिनीनेही या भरपाईत आपला वाटा (आणि नफा) उचलला.

मेस्निकचा २०१० मध्ये आणि लुएंडाइकचा २०१९ मध्ये विवाह झाला, तो ज्यांच्याकडे ते परतले त्याच तरुणींशी. म्हणजे आधीची निवड चुकली होती ही त्यांची जाणीव निदान खोटी तरी नव्हती. मात्र दोन्ही पर्यायांचा पुरावा आपल्यापाशी आहे असे मानणाऱ्या प्रेक्षकाला संकलकाने वगळलेले तास कधीच दिसलेले नसतात.