खिडकीमागचा माणूस

व्यापारी कंपन्यांच्या पत्रकांचें परीक्षण करण्याची प्रथा वाङ्मयविषयक मासिकांत नाहीं. परंतु कांहीं पत्रकें अशीं असतात कीं त्यांतील शब्दांनींच निम्मा वाद जिंकावयाचा असतो, आणि अशा वेळीं भाषेची परीक्षा हीच विषयाची परीक्षा ठरते. इंग्लंडमधील आगगाडी-कंपन्यांनीं ता. ५ जुलै २०२३ रोजीं स्टेशनांवरील तिकिटाच्या खिडक्या बंद करण्याची जी योजना लोकांपुढें मांडली, ती या वर्गांतील होय. सुमारें १००० खिडक्यांचा प्रश्न होता. परंतु योजनेच्या पुरस्कर्त्यांनीं ‘बंद करणें’ यापेक्षां ‘आधुनिकीकरण’ या शब्दावरच अधिक भर दिला. कारकुनास कांचेआडून बाहेर काढून प्रवाशांमध्यें आणावयाचें आहे, असें त्यांचें म्हणणें. जणूं काय हा बिचारा इतकीं वर्षें पिंजऱ्यांत कोंडलेला होता आणि कंपन्या आतां त्याच्या सुटकेस धांवल्या!

योजनेचा मुख्य आधार एका आंकड्यावर होता. शेंकडा १२ च तिकिटें आतां खिडकीवर विकलीं जातात, बाकीचीं यंत्रावर किंवा हातांतील फोनवर काढलीं जातात. हा आंकडा खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वर्षाकाठीं शंभर कोटींहून अधिक प्रवास ज्या देशांत होतात, तेथें शेंकडा १२ ही कांहीं उपेक्षणीय संख्या नव्हे. शिवाय तिकिटें मोजलीं म्हणजे माणसें मोजलीं असें होत नाहीं. ज्या प्रवाशानें खिडकीपाशीं येऊन नुसती चौकशी केली, ज्या आंधळ्या गृहस्थास गाडीच्या डब्यापर्यंत कोणी हात दिला, ज्या म्हातारीस ‘बाई, थोडें थांबून पुढच्या गाडीनें जाल तर भाडें कमी पडेल’ असें कोणीं सांगितलें, त्यांची नोंद या हिशेबांत कोठेंच होत नाहीं. आणि हें शेवटचें उदाहरण केवळ भावनेचें समजूं नये. इंग्लंडमध्यें एकाच दोन गांवांमधील प्रवासास गर्दीच्या वेळेचें भाडें निराळें, बिनगर्दीचें निराळें आणि आगाऊ काढलेल्या तिकिटाचें आणखी निराळें असतें. हें जाळें खुद्द रेल्वेनेंच विणलें. तें उलगडून दाखविणारा माणूस मात्र आतां अनावश्यक ठरूं पाहत होता.

येथें थोडें मागें जाणें अवश्य आहे. घोड्यांच्या टपालगाड्यांच्या काळीं प्रवाशाचें नांव कचेरींतील वहींत, म्हणजे ‘बुकां’त, लिहीत, ‘बुकिंग’ हा शब्द त्या वहीचा वारस आहे. आगगाड्या सुरू झाल्यावरही प्रथम कारकून हातानें तिकीट लिहून देई. पुढें १८३६ च्या सुमारास न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवरील मिल्टन या लहानशा स्टेशनावर थॉमस एडमंडसन नांवाचा स्टेशनमास्तर नेमला गेला. हा मूळचा लांकडी सामान बनविणारा, धंद्यांत बुडालेला. त्यानें क्रमांक छापलेलें, पुठ्ठ्याचें, बोटभर लांबीचें तिकीट शोधून काढलें. आपल्याकडेही कित्येक पिढ्यांनीं तेंच तिकीट खिशांत जपून ठेविलें आहे. या युक्तीमुळें पैशाचा हिशेब चोख झाला, पण माणसाच्या नांवाच्या जागीं आंकडा आला. नांव गेलें तरी तें तिकीट देणारा माणूस समोर राहिला. २०२३ मध्यें जाऊं घातला तो हा दुसरा.

आतां कामगार-संघांविषयीं. खिडक्यांच्या रक्षणार्थ सर्वांत आधीं आणि सर्वांत मोठ्यानें ओरडला तो ‘आर. एम. टी.’ हा रेल्वे, नौका व वाहतूक कामगारांचा संघ. त्याचा संप ता. २१ जून २०२२ रोजीं सुरू झाला. तीस वर्षांत इतका मोठा रेल्वे-संप त्या देशानें पाहिला नव्हता. चाळीस हजारांहून अधिक कामगार त्यांत सामील झाले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत महागाई शेंकडा ११ च्या वर गेली, तेव्हां पगारवाढीची मागणी अवास्तव होती असें म्हणवत नाहीं. डिसेंबरांत कंपन्यांनीं दोन वर्षांत मिळून शेंकडा ८ वाढ देऊं केली. पण तिला ज्या अटी जोडल्या, त्यांत खिडक्या बंद करण्यास मान्यता ही एक होती. म्हणजे खिडकी हें पगाराच्या सौद्यांतील एक नाणें झालें. संघानें तें नाकारलें, यांत स्वार्थ होता हें उघड आहे. आमच्या मतें तो लपविण्याचें कारणही नव्हतें. स्वतःची भाकर राखतांना दुसऱ्याची वाट राखली जात असेल तर त्या कृत्याचें मोल त्यामुळें कमी होत नाहीं.

तथापि संघाच्या पक्षांत एक उणीव होती, आणि त्याच्या मित्रांनीं ती झांकूं नये. ज्यांच्याकडे मोटार नाहीं, ज्यांना दुसरा मार्ग नाहीं, त्यांच्यासाठीं आपण लढतों असें संघ म्हणे. परंतु संपाच्या दिवशीं स्टेशनावर अडकून पडले ते बहुधा हेच लोक. घरीं बसून काम करणाऱ्या सुखवस्तु नोकरास संपाची झळ कमी लागली, रुग्णालयांत झाडलोट करणाऱ्या बाईस अधिक. यावर ‘संपाशिवाय आमच्या हातीं काय आहे?’ हें संघाचें उत्तर खरें असलें तरी पुरें नाहीं. पुरें उत्तर द्यावयाचें तर त्या बाईलाच आपल्या बाजूस बोलावें लागतें, आणि संपानें तें साधत नाहीं.

तें साधलें तें निराळ्या रीतीनें. प्रथम लोकांचें मत कळविण्यास अवघे २१ दिवस दिले होते. अपंगांच्या संस्थांनीं कडाडून विरोध केला, कांहीं शहरांच्या महापौरांनीं कोर्टाची भाषा केली, तेव्हां मुदत १ सप्टेंबरपर्यंत वाढली. सुमारें ७,५०,००० पत्रें आलीं. तींत आंधळ्यांचें म्हणणें होतें कीं यंत्राच्या गुळगुळीत पडद्यावर हात फिरवून आम्हांस कांहीं कळत नाहीं. चाकांच्या खुर्चीवरील लोकांचें म्हणणें होतें कीं स्टेशनावर माणूस नसेल तर आम्हांस गाडींत चढवील कोण? कंपन्यांच्या पत्रकांत जें सुबक दिसत होतें, त्याला या साध्या प्रश्नांनीं भोंकें पडलीं. प्रवाशांचें हित पाहणाऱ्या ‘ट्रान्सपोर्ट फोकस’ आणि ‘लंडन ट्रॅव्हलवॉच’ या दोन्ही संस्थांनीं योजनेवर आक्षेप घेतला, आणि ता. ३१ ऑक्टोबर रोजीं वाहतूक-मंत्री मार्क हार्पर यांनीं कंपन्यांना ती मागें घेण्यास सांगितलें. विशेष हें कीं ते हुजूर पक्षाचे मंत्री. संघाशीं त्यांच्या सरकारचें हाडवैर, आणि योजनेस त्याच सरकारचा पाठिंबा होता!

यास संघाचा विजय म्हणावें काय? लंडनच्या भुयारी रेल्वेचा दाखला पाहिला तर तसें म्हणतां येत नाहीं. तेथें २०१४ मध्यें याच प्रश्नावर संप झाले, तरी २०१५ अखेर जवळजवळ सर्व खिडक्या बंद झाल्याच. संघ दोन्हीकडे होता आणि संपही दोन्हीकडे झाला. मोठ्या रेल्वेवर फरक पडला तो एका करारामुळें. रेल्वेचें खासगीकरण चाललें असतां, १९९५ मध्यें, तिकिटांच्या उत्पन्नाची वांटणी निरनिराळ्या कंपन्यांत कशी करावी याविषयीं एक रुक्ष दस्तऐवज झाला. खिडकीच्या वेळांत मोठा बदल करावयाचा तर आधीं प्रवाशांस विचारलें पाहिजे, असें कलम त्यांत घातलें होतें. कामगारांच्या हितासाठीं कोणीं तें लिहिलें नव्हतें, आणि तें कोणाच्या फारसें स्मरणांतही नव्हतें. परंतु साडेसात लाख लोकांना पत्र लिहावयास जागा मिळाली ती या कलमांत.