तक्ता क्रमांक एक

लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९.८ च्या आसपास यायला हवे, हे विद्यार्थ्याला वहीत पहिले निरीक्षण लिहिण्यापूर्वीच ठाऊक असते. मग काही जण उत्तरापासून उलटे गणित करतात आणि वीस आंदोलनांचे वेळ भरून टाकतात. अशा वह्या तपासण्यात आम्हीही काही वर्षे घालवली आहेत. त्या ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत. उत्तर बरोबर असते म्हणून नव्हे, तर सगळी निरीक्षणे फार सुरेख असतात म्हणून. खरोखर स्टॉपवॉच दाबणाऱ्याच्या वहीत एखादा आकडा वाकडा येतोच.

नेमका हाच प्रकार भूलशास्त्राच्या संशोधनात घडला. वहीच्या जागी शोधनिबंध होते आणि परीक्षकाच्या जागी जगातील नामांकित नियतकालिके.

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताना अनेक रुग्णांना मळमळते, उलट्या होतात. त्यावर कोणते औषध चांगले, हे ठरवण्यासाठी रुग्णांचे दोन गट करतात. एकाला औषध, दुसऱ्याला नुसते सलाईन. कोण कोणत्या गटात जाईल हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरते. म्हणून अशा चाचणीला यादृच्छिक चाचणी म्हणतात. शोधनिबंधातील पहिल्या तक्त्यात दोन्ही गटांचे सरासरी वय, वजन, उंची दिलेली असते. हा तक्ता सहसा कोणी वाचत नाही. औषधाचा गुण पुढच्या तक्त्यात असतो, वाचकाची नजर थेट तिकडे जाते.

पण पहिल्याच तक्त्यात एक साक्षीदार बसलेला असतो. समजा, प्रत्येक गटात २५ रुग्ण आहेत आणि वयाचे प्रमाण विचलन १० वर्षे आहे. मग प्रत्येक सरासरीची प्रमाण त्रुटी १० भागिले २५ चे वर्गमूळ, म्हणजे २ वर्षे. दोन सरासरींतील फरकाचे प्रमाण विचलन सुमारे २.८ वर्षे. चिठ्ठ्या खरोखर टाकल्या असतील तर दोन गटांच्या सरासरी वयात अर्ध्या वर्षापेक्षा कमी फरक सातांतून एखाद्याच चाचणीत दिसेल. एकाच संशोधकाच्या लागोपाठ दहा चाचण्यांत तसे झाले, तर त्याची शक्यता सुमारे २८ कोटींत एक. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला हे गणित सहज समजावे.

जपानचे भूलतज्ज्ञ योशिताका फुजिई यांनी मळमळीवरील औषधांच्या, विशेषतः ग्रॅनिसेट्रॉनच्या, कितीतरी चाचण्या प्रसिद्ध केल्या. २००० साली पीटर क्रांके आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी एका नियतकालिकात पत्र लिहून, हे आकडे विश्वास बसणार नाही इतके छान आहेत, असे शीर्षकातच म्हटले. निरनिराळ्या औषधांच्या गटांत डोकेदुखी झालेल्यांची संख्या पुन्हा पुन्हा अगदी सारखी येत होती. फुजिई यांनी उत्तरादाखल, किती पुरावा दिला म्हणजे पुरेल, असा उलट सवाल केला. संपादकांनी पत्र आणि उत्तर दोन्ही छापले आणि विषय मिटला. फुजिई यांचे निबंध त्यानंतरही दहा वर्षांहून अधिक काळ छापून येत राहिले.

आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. खोटे लिहिणारा एखादा निघणारच. पण शंका छापील स्वरूपात समोर असताना बारा वर्षे मूळ नोंदी कोणी मागू नयेत, हे समजण्यापलीकडचे आहे.

२०१२ साली इंग्लंडमधील टॉर्कीचे भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी फुजिई यांच्या १६८ चाचण्यांचे पहिले तक्ते तपासले. पद्धत वर सांगितली त्याच जातीची, अर्थात अधिक काटेकोर. तपासलेल्या ३३ राशींपैकी २८ राशींची विभागणी यादृच्छिकतेशी जुळेना. काहींच्या बाबतीत असे आपोआप घडण्याची शक्यता १ भागिले १० चा ३३ वा घात, याहूनही कमी होती. त्याच वर्षी जपानी भूलतज्ज्ञ संघटनेच्या समितीने २१२ निबंध तपासून १७२ निबंधांत बनावट माहिती असल्याचा निर्वाळा दिला. त्यांपैकी १२६ मुळापासून रचलेले होते. टेबलाशी बसून कादंबरी लिहावी तसे, असे समितीचे वर्णन आहे.

मळमळीचे औषध थोडे कमी गुणकारी निघाले तर कोणी दगावत नाही, असे कोणी म्हणेल. मग जर्मनीतील योआखिम बोल्ड्ट यांचे उदाहरण घ्यावे. मका किंवा बटाट्याच्या पिष्टापासून केलेले एक द्रावण रक्ताचे आकारमान टिकवण्यासाठी शिरेतून देत. बोल्ड्ट त्याचे मोठे पुरस्कर्ते. त्यांचे संशोधन अविश्वसनीय ठरल्यावर, २०१३ साली गंभीर रुग्णांवरील सर्व चाचण्यांची एकत्र छाननी झाली. बोल्ड्ट यांच्या सात चाचण्या वगळताच हे द्रावण दिलेल्यांत मृत्यूचे आणि मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण वाढलेले स्पष्ट दिसले. सात चाचण्यांनी ते झाकून ठेवले होते. २०२२ साली युरोपीय संघाने या द्रावणांचे परवाने स्थगित केले.

मात्र पहिल्या तक्त्याची ही कसोटी चोर पकडत नाही. चिठ्ठ्या नीट टाकल्या गेल्या नाहीत, एवढेच ती सांगते. स्पेनमधील आहारविषयक एक मोठी चाचणी या कसोटीत अडकली. चौकशीत लबाडी आढळली नाही. एका घरी ऑलिव्ह तेल फुकट आणि शेजाऱ्याला काही नाही, अशी कुरकुर झाल्याने एका संशोधकाने संपूर्ण दवाखान्यालाच एक आहार देऊन टाकला होता! निबंध मागे घेऊन २०१८ साली दुरुस्त स्वरूपात पुन्हा छापण्यात आला.

२०२१ साली कार्लाइल यांनी, ते स्वतः संपादक असलेल्या ‘ॲनेस्थेशिया’ या नियतकालिकाकडे आलेल्या ५२६ चाचण्यांचा हिशेब मांडला. १५३ चाचण्यांत प्रत्येक रुग्णाचे मूळ आकडे मिळाले. त्यांतील ४४ टक्क्यांत खोटी माहिती आढळली. २६ टक्के चाचण्या त्यांच्या शब्दांत ‘झोंबी’, म्हणजे आत प्राण नसून चालणारी प्रेते. (आपल्याकडे वेताळ म्हटले असते.) उरलेल्या ३७३ चाचण्यांत, जिथे फक्त सारांशाचे तक्ते होते, खोटेपणा २ टक्क्यांतच सापडला.

हे आकडे वृत्तपत्री मथळ्यांसाठी फार सोयीचे आहेत, म्हणून जपून वाचावेत. सुरुवातीला मूळ आकडे सर्वांकडे मागितलेच नव्हते. जिथे संशय आला तिथे मागितले. तेव्हा ४४ टक्के हे प्रमाण साऱ्या संशोधनाला लावता येणार नाही. शिवाय खोटे कोणते हे ठरवणारा माणूस एकच. यादृच्छिकतेचा आग्रह धरणाऱ्या कार्लाइल यांचा स्वतःचा नमुना यादृच्छिक नव्हता, ही त्यांच्या निबंधातील उणीव आम्हाला मोठी वाटते. तरीही मूळ आकडे न पाहता जवळजवळ काहीच सापडत नाही, हा त्यांचा मुद्दा खोडून काढणे कठीण आहे. २०१९ पासून ज्या मोजक्या देशांतील प्रत्येक चाचणीचे मूळ आकडे मागण्यास त्यांनी प्रारंभ केला, त्यांत भारतही होता. याचा राग येणाऱ्या सहकाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, की आपल्या वह्या कुठे आहेत?

शिक्षक मित्रांना हे वर्गात करून पाहता येईल. निम्म्या मुलांना नाणे शंभर वेळा उडवून छाप-काटा लिहायला सांगावे, निम्म्यांना नाणे न उडवता मनानेच. कोणी काय केले हे आपल्याला कळू देऊ नये. मग कागद गोळा करून सलग पाच छाप किंवा सलग पाच काटे कोणत्या कागदावर आहेत ते शोधावे. खऱ्या शंभर फेकींत ते जवळजवळ नेहमीच सापडतात. मनाने लिहिणारी मुले तीन-चार झाले की घाबरून बदलतात.