पोवळ्याची वंशावळ

नामाच्या तत्त्वज्ञानावरच्या व्याख्यानात प्रवाळ कुठून आलं, असं काहींना वाटेल. पण नाव म्हणजे काय हा प्रश्न जिथे पैशाचा होतो, तिथे तो फार स्पष्ट दिसतो. म्हणून आज हे उदाहरण घेतोय.

अमेरिकेत आणि युरोपात खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ, म्हणजे पोवळी, वाढवणारे पुष्कळ हौशी लोक आहेत. प्रवाळाची वसाहत म्हणजे एकमेकांना जोडलेल्या असंख्य बारीक जीवांचा संसार. तिची फांदी कापून दगडाच्या चकतीवर सुपरग्लूने चिकटवली, की नवी वसाहत वाढते. आपण शेवग्याची फांदी खोचतो ना, तसंच. या तुकड्याला ते लोक 'फ्रॅग' म्हणतात. आणि त्यांना नावं देतात: 'ओरेगॉन टॉर्ट', 'वॉल्ट डिस्ने' वगैरे. नाव गाजलं की बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यालाही मोठी किंमत येते. मात्र एक अट असते. तुकडा मूळ वसाहतीच्याच वंशातला हवा. हुबेहूब तसाच दिसणारा, पण दुसरीकडून आलेला तुकडा त्या नावाचा हक्कदार नाही.

आता हे सॉल क्रिप्कीच्या विचाराच्या किती जवळ आहे बघा. 1970 साली प्रिन्स्टनमध्ये दिलेल्या तीन व्याख्यानांत त्याने मांडलं, की नाव वर्णनामुळे वस्तूला चिकटत नाही. आधी नामकरण होतं, मग ते नाव एकाकडून दुसऱ्याकडे साखळीने जातं. वर्णन चुकलं तरी नाव त्याच वस्तूचं राहतं. हौशी मंडळींनी हा सिद्धांत न वाचताच व्यवहारात आणला आहे.

पण ते त्याच्याशी प्रामाणिक आहेत का? माझे आक्षेप तीन आहेत.

पहिला. तुकडा विकला जातो तो फोटोवर, निळ्या दिव्याखाली चमकणाऱ्या रंगांवर. आणि रंग तर प्रकाशावर, पाण्यातल्या पोषक द्रव्यांवर, प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शेवाळावर अवलंबून असतो. एकाच वसाहतीचे दोन तुकडे एका टाकीत निळे आणि दुसरीत तपकिरी दिसू शकतात. म्हणजे जाहिरातीत रंग सांगायचा आणि भांडण झालं की वंश काढायचा. दोन्ही सिद्धांत सोयीने वापरायचे, हे बरोबर नाही.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. गॅरेथ इव्हान्सने 1973 मध्ये क्रिप्कीला मादागास्करचं उदाहरण दिलं. ते नाव मुळात आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या एका भागाचं. गैरसमजातून ते बेटाला चिकटलं. साखळी तुटली नाही, तरी नावाखालची वस्तू बदलली. टाकीतही हे सहज होतं. शेजारशेजारचे दोन तुकडे, एकाची चिठ्ठी दुसऱ्याला. दोन तुकडे एकाच वसाहतीचे आहेत का, हे डीएनएवरून ठरवता येतं. कॅरिबियन समुद्रातल्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांवर शास्त्रज्ञांनी ते केलंय. हौशी व्यवहार मात्र बहुतेक वेळा शब्दावर चालतो. बरं, नावांची नोंद ठेवणारी कचेरीही नाही. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता उपजातीच्या खाली उतरत नाही. लागवडीच्या वाणांसाठी वेगळी संहिता आहे, पण ती वनस्पतींची. प्रवाळ पडला प्राणी! तेव्हा 'अस्सल वंश' याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की देणाऱ्यावर माझा विश्वास आहे. विश्वास ही वाईट गोष्ट नाही. फक्त तिला पुरावा म्हणू नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाशिकला उपाध्यांच्या वहीत आपली वंशावळ शोधायची, तर आधी विचारतात, गाव कोणतं? इथे नेमकं गावच गायब आहे. 'ओरेगॉन टॉर्ट'च्या नावात ओरेगॉन आहे. पण ओरेगॉनच्या थंड किनाऱ्यावर अ‍ॅक्रोपोराचं एकही बेट नाही. नामकरण झालं ते टाकीत, आणि वंशावळही टाकीपासून सुरू होते. कोणत्या समुद्रातून, कोणत्या खडकावरून, किती खोलीवरून तो जीव उचलला, ही ओळ कोरी.

यात काय बिघडतं? 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. उष्णता सोसण्याची ताकद ठिकाणागणिक वेगळी असते. उद्या एखादं बेट पुन्हा उभं करायचं झालं, तर गाव माहीत असलेला तुकडा मोलाचा. गाव हरवलेला तुकडा नुसताच देखणा.

या लोकांचं श्रेय मी नाकारत नाही. वीज गेली, एक टाकी मेली, तर मित्राला दिलेल्या फांदीतून तीच वसाहत परत मिळते. वंश सांभाळण्याचं खरं मूल्य हेच आहे. आपल्याकडे कठीण प्रवाळं 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ही हौस आपल्याला करायची नाही. पण बाहेरून बघणारा एक सूचना करू शकतो. वंशावळीची पहिली ओळ समुद्राची असू द्या. आणि ती माहीत नसेल, तर तिथे सरळ 'मूळ ठाऊक नाही' असं लिहा. मग बाकीच्या वंशावळीवर विश्वास ठेवणं सोपं जाईल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.